फुटाला एक सूत

एका फुटाचे इंच बारा, हे मला गिरगावातल्या शाळेत छडीच्या धाकाने शिकवलं होतं आणि पुढे माटुंग्याला डिप्लोमा करताना तीन वर्षं कोणी त्यावर शंका घेतली नव्हती. छप्पन सालच्या जूनमध्ये मी लालबागच्या एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि चौथ्याच दिवशी कळलं की फूट दोन जातींचे असतात. एक सगळ्या जगाचा, आणि दुसरा कुशाबा मेस्त्रीचा.

कुशाबा आमच्याकडे पॅटर्न करायचा. ज्यांनी फौंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि पाहिली नसेल तर फार बिघडलं नाही, कपडे तरी स्वच्छ राहिले. गिरणीला बिडाचं चाक हवं असलं की आधी तसंच एक चाक लाकडाचं करतात. ते काळ्या ओलसर वाळूत दाबून बसवतात, मग वाळूचा कण न हलवता उचलून काढतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. ते लाकडाचं चाक म्हणजे पॅटर्न. लोखंडाच्या कारखान्यातला हा एकमेव सुतार, त्यामुळे त्याचा रुबाब मोठा. बाकी सगळे काजळीने काळे, हा एकटा भुशाने पिवळा. पन्नाशीचा, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, कानावर पेन्सिल. ही पेन्सिल तो देवळात जातानाही काढत नसे.

तर चौथ्या दिवशी मी त्याच्या टेबलावरचा एक पॅटर्न माझ्या कोऱ्या करकरीत पोलादी पट्टीने मोजला. माझ्या ड्रॉइंगमध्ये व्यास दोन फूट होता. पॅटर्न भरला दोन फूट पाव इंच. मला संताप येतो तो असा एकदम येतो. आमच्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी झाली, आणि कारकुनाच्या हातात तांबडी पेन्सिल आली की त्याला आवरणं कठीण. मी त्या सुरेख गुळगुळीत सागवानावर भली मोठी फुली मारली आणि खाली माझी सही केली.

कुशाबाने फुली पाहिली. सही पाहिली. मग मला पाहिलं.

"अच्युतराव, अक्षर चांगला आसा तुमचा," तो म्हणाला. "बीड कधी गरम बघलात?"

त्याने मला भट्टीवर नेलं नाही की भाषण दिलं नाही. कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुना पॅटर्न काढला, त्याच पॅटर्नवरून ओतलेलं चाक शेजारी ठेवलं आणि म्हणाला, मोजा. पॅटर्न दोन फूट पाव इंच. चाक बरोबर दोन फूट. मी तीन वेळा मोजलं. पट्टी बदलली तर बरं होईल असंही वाटून गेलं.

"गरम बीड फुगलेला असता," तो म्हणाला. "थंड झाला काय आटता. फुटाला एक सूत. तेवढा आधीच जास्त धरूचा लागता."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या पुस्तकात हे होतं, मी त्याखाली रेघही ओढली होती, पण पुस्तकातली रेघ आणि हातातलं चाक यांची माझ्या डोक्यात कधी भेट झाली नव्हती. आणि कुशाबा हे सूत दर वेळी मिळवत बसत नसे. त्याच्याकडे त्यासाठी वेगळी पट्टी होती. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पिवळ्या लाकडाची, पितळी टोकांची, दोन फुटांची. फक्त तिच्यावरचा प्रत्येक फूट बारा इंच एक सूत लांब होता. टोकाला अगदी बारीक अक्षरात तसं कोरलेलं होतं. नवाच्या आकड्यापाशी बिडाचा थेंब उडून पडलेला चण्याएवढा काळा डाग होता. त्या डागावरून मी ती पट्टी अंधारातही ओळखली असती.

मी माफी मागितली. आणि पुढच्याच महिन्यात शहाणपणा करून ड्रॉइंगमध्येच फुटाला एक सूत वाढवून मापं लिहिली. कुशाबाने आपल्या पट्टीने त्यावर आणखी एक सूत वाढवलं. झाकण इतकं ऐसपैस झालं की ज्या यंत्रावर बसायचं त्याच्या भोवती ते फिरत राहिलं. त्या वेळी मात्र त्याने मला चारचौघांत मेल्या म्हटलं आणि तेव्हापासून आमची दोस्ती झाली.

ती लांब पट्टी कारखान्याच्या बाहेर न्यायची नाही, असा त्याचा स्वतःपुरता कायदा होता. संध्याकाळी ती पेटीत जायची आणि पेटीला कुलूप. कारण एकदा, लग्न नवं असताना, त्याने घरच्या पोटमाळ्याच्या फळ्या ह्याच पट्टीने कापल्या होत्या. दहा फुटांच्या भिंतीला दहा सूत, म्हणजे सव्वा इंच जादा. फळ्या बसेनात. रखमावहिनींनी चाळीतल्या सगळ्या बायका बोलावून आपल्या नवऱ्याची मेस्त्रीगिरी दाखवली. वीस वर्षं झाली तरी त्या अजून ती गोष्ट नव्या माणसाला सांगायच्या, मलाही चहाच्या आधीच सांगितली. घरासाठी खिळ्याला एक साधी पट्टी टांगलेली असे.

ते दिवस चळवळीचे होते. लालबाग-परळात सकाळी भिंतीवर एक घोषणा दिसे, संध्याकाळी तिच्यावर दुसरी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आमच्या फौंड्रीत भट्टीच्या आवाजावरही ऐकू येई. कुशाबा प्रत्येक मोर्चाला जायचा, पण त्याचं राजकारणही पॅटर्नमेकरचं होतं. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, सगळं मागा, म्हणायचा. आत्ता सगळे तापलेले आहेत. थंड झाल्यावर आटणार. दिल्लीतून येईपर्यंत फुटाला एक सूत जाणारच, तेव्हा मागतानाच आट धरून मागा. आम्ही हसायचो. मी तर ही गोष्ट गिरगावात आमच्या गॅलरीत माझी म्हणून सांगत असे आणि लोक मला हुशार समजत.

साठ सालच्या सुरुवातीला ठरलं की राज्य होणार, मुंबईसह होणार, आणि बेळगाव, कारवार, निपाणी त्यात नसणार. पेढे वाटले गेले. कुशाबा पेढा खाता खाता म्हणाला, "बघलास? मी सांगी होतंय. आट धरली म्हणून मुंबई पुरी हातात इली."

सगळे हसले. एक धोंडू हसला नाही. धोंडू आमचा मोल्डर, वाळूचे साचे करणारा, निपाणीकडचा. चार वर्षं कुशाबाच्या खांद्याला खांदा लावून मोर्चात गेलेला. त्याने पेढा परत कागदात ठेवला.

"मेस्त्री," तो म्हणाला, "म्हणजे आम्ही तुमची आट होय?"

कुशाबा आपल्या टेबलाकडे वळला. तो दिवसभर रंधा मारत राहिला. संध्याकाळी पाहिलं तर एक चांगली सागवानी फळी त्याने पार कागदासारखी करून टाकली होती.

आता लक्ष्मीकडे येतो, कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे. लक्ष्मी कुशाबाची एकुलती एक मुलगी. मॅट्रिक झालेली, दादरला शिवणाच्या वर्गात शिकवायला जायची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी, आणि उंच. किती उंच ते मला नक्की सांगता आलं नसतं, कारण ती सरळ उभी राहिलेली मी पाहिलीच नव्हती. रखमावहिनींचा दिवसातून दहादा घोष चाले, "लक्ष्मे, खाली वाकून चाल." तेरा वर्षांची झाल्यापासून ती खांदे पुढे पाडून, मान घालून चालत आली होती. तरीही दोन स्थळांनी उंची पाहून नकार कळवला होता. एका वरमाईने तर जिना उतरता उतरता, "पोरगी आहे की पोलीस?" असं चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. त्या दिवशी कुशाबा कामावर आला नाही. मी ओळखतो त्या चार वर्षांत त्याचा तो एकच खाडा.

तिसरं स्थळ एप्रिलमध्ये आलं. मुलगा आनंदा, परळच्या वर्कशॉपात टर्नर, लेथवर काम करणारा. वडील नव्हते. आई रमाबाई गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे धागा गुंडाळायच्या खात्यात, आणि तिच्याविषयी असं सांगत की खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादमसुद्धा, बाजूला होऊन तिला वाट देतो. ह्याच मुलाने म्हणे लक्ष्मीला दादरला येता-जाता दोनदा पाहिलं होतं आणि आईच्या मागे लागून हे पाहणं ठरवलं होतं. कुशाबाने मला बोलावलं. "तुम्ही शिकलेले, बाजूक बसा. बोलू नका." ह्या अटीवर मी गेलो. बोलू नका ही अट मला कोणी घातली की अंगावर पित्त उठतं, पण गेलो.

रविवारची सकाळ. दहा बाय बाराची खोली, चटई, पोहे, चहा. लक्ष्मी वाकूनच आली, वाकूनच बशा दिल्या, वाकून आईपाशी बसली. आनंदा पोह्यांकडे बघत असल्याचं दाखवत होता. रमाबाईंनी चहाचा घोट घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"पोरगी बरी आहे. कामाची आहे. पण आडपडदा नको, मेस्त्री. माझा आनंदा पाच फूट चार. नवऱ्यापेक्षा उंच सून मला घरात नको. लोक हसतात. तुमच्या हातात माप आहे, आत्ताच मोजा, म्हणजे घरी जाऊन कुजबुज नको."

रखमावहिनींच्या हातातला पदर तिथेच थांबला. कुशाबा उठला. लक्ष्मीला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी केली, डोक्यावर गुण्या काटकोनात धरला आणि कानावरच्या पेन्सिलीने चौकटीवर रेघ ओढली.  मग तो खिळ्याकडे गेला नाही. खुंटीला टांगलेल्या कोटाखालून त्याने पट्टी काढली.

नवाच्या आकड्यापाशी काळा डाग होता.

मी हातातला घास बशीत परत ठेवला. पाच फुटांना पाच सूत, म्हणजे पोरगी तेवढी कमी भरणार. बिडासाठी केलेली पट्टी, आणि तो तिने आपली मुलगी मोजत होता. खालून दोन फूट, मग दोन फूट, मग उरलेलं. "पाच फूट चार," तो म्हणाला, "एक सूत कमी."

खोलीत सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. रमाबाई म्हणाल्या, "एका सुताने का होईना, कमी आहे ना, झालं." आनंदाने पुढे होऊन, "बघू पट्टी," म्हणत ती हातात घेतली. टर्नरला हातात माप धरल्याशिवाय राहवत नाही. त्याने टोकाकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि ती परत दिली. त्याचे कान मात्र लाल झाले. मी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी बोलायची मला इच्छाही नव्हती. पाच सुतांसाठी कुणाचा संसार मोडायचा? मी ते सगळं पोह्यांबरोबर गिळायला तयार होतो.

लक्ष्मीने पट्टी पाहिली. लहानपणापासून बापाचा डबा कारखान्यात पोचवलेली पोर ती, तो डाग तिलाही ठाऊक होता. मला वाटलं आता ही काहीतरी फटकन बोलणार. पण तिने चौकटीवरच्या रेघेकडे पाहिलं, आणि होते त्याहून आणखी खाली खांदे पाडले. बापाने सांगितलेल्या मापात बसायला ती आणखी थोडी वाकली.

ते मला बघवेना. कुशाबाचं काय झालं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"थांबा," तो म्हणाला. "पट्टी चुकली."

"चुकली म्हणजे?" रमाबाई.

तो खिळ्यापाशी गेला, साधी पट्टी घेतली, चौकटीवरची तीच रेघ परत मोजली. "पाच फूट साडेचार इंच," तो म्हणाला. मग दोन्ही पट्ट्या चटईवर शेजारी शेजारी ठेवल्या. खालची टोकं जुळवली. वरची जुळली नाहीत.

"ही बिडाची. बीड थंड झाला काय आटता म्हणून ही लांब. माणसाक लावूची नसता. मी जाणून लावलंय."

"म्हणजे फसवत होता आम्हाला!"

"होय," कुशाबा म्हणाला. "फसवी होतंय." आणि मग, माझ्याकडे बघत, जणू मला समजावून सांगायचं होतं, "धोंडूक मी त्या दिवशी काय उत्तर देवक नाय, अच्युतराव. माणसांची आट धरूची नसता. ह्या पोरीक तेराव्या वर्षापासून आम्हीच वाकवत इलो. आता मापातून पण कमी करू? नको झाली तर नको झाली. पण हाय तेवढीच देईन."

रखमावहिनी रडू लागल्या. रमाबाई आपल्या मुलाकडे वळल्या. "आणि तू? तू टर्नर ना रे? पट्टी हातात घेऊन बघितलीस. तुला कळलं नाही?"

आनंदाने पायाच्या अंगठ्याने चटईची काडी उकरली. "कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू उठली असतीस."

लक्ष्मी एवढ्या वेळात पहिल्यांदा हसली. मोठ्याने हसली, तोंडाला पदर लावायचंही राहिलं. आनंदाही हसला. रमाबाईंना हसू येत होतं की राग, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. त्या दोन पट्ट्या हातात घेऊन जुळवून बघत बसल्या. बोटाने तो उरलेला तुकडा चाचपला.

"मेस्त्री," त्या शेवटी म्हणाल्या, "मांजरपाट घेताना आम्ही बायका वारामागे दोन बोटं जास्त घेतो. धुतलं की आटतं. कमी घेतलं की मग रडत बसायचं. तुमची पोरगी अर्धा इंच जास्त आहे, तर असू दे. संसाराच्या धुण्यात आटली तरी पुरेल."

"मी नाही आटायची," लक्ष्मी म्हणाली.

"बघू," रमाबाई म्हणाल्या. पण सुनेला जबाब द्यायला त्या आतापासूनच सज्ज झाल्याचं दिसत होतं, म्हणजे जमलं होतं.

तरी त्यांनी एक अट घातलीच. लग्नात नवरानवरी ज्या पाटांवर उभी राहतात ते पाट कुशाबाने करायचे, आणि नवऱ्या मुलाचा पाट चार सूत जाड ठेवायचा. चारचौघांत बरं दिसावं म्हणून. कुशाबाने मान हलवली, पण ती होकाराची होती की माश्या वारल्याची, हे मला तेव्हाही कळलं नाही. "पाटांची काळजी नको," एवढंच म्हणाला. जिना उतरताना मी त्याला म्हटलं, परत आट? त्याने मला घरी जायला सांगितलं.

एक मेला राज्य झालं. गिरणगावात जिकडे तिकडे गुलाल होता. धोंडूने त्या दिवशीही पेढा घेतला नाही, पण कुशाबा त्याच्याजवळ जाऊन बसला आणि दोघांनी एकाच काडीवर विड्या पेटवल्या. लग्नाची पहिली पत्रिका कुशाबाने धोंडूला दिली. 

वीस दिवसांनी चाळीच्या पटांगणात लग्न लागलं. दोन सागवानी पाट, कडा गोल केलेले, वर पितळी फुलं. आनंदा एका पाटावर उभा राहिला. लक्ष्मी मामाच्या मागून आली, दुसऱ्या पाटावर चढली, मध्ये अंतरपाट धरला. सवयीने रखमावहिनींच्या तोंडातून निघालंच, "लक्ष्मे, खाली..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. लक्ष्मीने खांदे मागे घेतले. मान वर केली. अंतरपाटावरून तिच्या मुंडावळ्या दिसल्या, मग कपाळ, मग डोळे. पोरगी एवढी उंच आणि एवढी देखणी आहे हे मला चार वर्षांत कळलंच नव्हतं, आणि मी ड्राफ्ट्समन म्हणवत होतो. मला रडू आलं. शेजारी धोंडू होता, त्यालाही आलं, त्यामुळे बरं वाटलं.

अक्षता पडल्या. माझ्या पुढे उभ्या असलेल्या रमाबाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. "बघ," त्या म्हणाल्या, "आता कशी बरोबरीची दिसतात. मेस्त्रीने केलं ते झकास केलं."

पंगती बसल्या. कोणाचं लक्ष नाहीसं पाहून मी मांडवात परत गेलो. माझी पोलादी पट्टी खिशात होतीच, ती लग्नालाही असते, माझंही कुशाबासारखंच झालं आहे. दोन्ही पाट उलटे करून मोजले.

एक दीड इंच जाड होता. दुसराही दीड इंच.